बोळक्यातले सहा किडे

शिंदखेड्याच्या बाजारात त्या दिवशी मिरचीवाल्यांकडे कोणी फिरकत नव्हतं. सगळी गर्दी चिंचेखाली, नळीवाल्या महाराजांभोवती. महाराज दातातले किडे काढत. पकड नाही, सुई नाही, रक्ताचा थेंब नाही! परातीत पाणी, पाण्यात वीट, विटेवर लालबुंद तापवलेला लोखंडी पळा. त्यात तुपात घोळलेली चिमूटभर 'हिमालयाची जडी' टाकायची, वर बुडाला भोक पाडलेलं मडकं पालथं घालायचं आणि भोकातली नळी रोग्याने तोंडात धरायची. धूर तोंडात, पाणी डोळ्यांत, मंत्र महाराजांच्या ओठांवर. घटकाभराने मडकं उचललं की परातीत पांढरे, वळलेले किडे तरंगत.

"निंघनात रे बठ्ठा किडा!" उखर्डू हमाल ओरडला आणि लोकांनी हात जोडले.

आठ दिवसांपूर्वी राजकुंवरनेही इथेच हात जोडले होते. तिच्या मैनाच्या, चार वर्षांच्या पोरीच्या, एका दाढेतून सात किडे निघाले होते. संध्याकाळपर्यंत पोर हसली-खेळली. दुसऱ्या दिवसापासून गाल सुजू लागला. आज तो टम्म फुगला होता, अंग तापाने भाजत होतं आणि पाण्याचा घोटही तिच्या घशाखाली उतरत नव्हता.

"धुळ्याला नेऊ, दातांच्या डॉक्टरकडे," राजकुंवर सकाळीच म्हणाली होती.

"तो दाढ पकडीने उपटेल!" सासू झमकूबाई कडाडल्या. "माझी उपटली होती तेव्हा महिनाभर तोंड उघडलं नव्हतं मी. दुधाचेच दात, पडायचेच आहेत. महाराजांकडे चल, उरलेले किडे काढतील."

घरात शब्द झमकूबाईंचा. नवरा केवलचंद मालासाठी जळगावला गेलेला. सासरे इंदरचंद काष्ठौषधींच्या दुकानात बसत आणि घरात वाद पेटला की सोयीस्कर बहिरे होत.

पण राजकुंवरच्या डोक्यात कालपासून एक भुंगा शिरला होता. दुकानातल्या काटेरी रिंगणीच्या बियांच्या गोणीला पाणी लागलं होतं. बी सडलं का ते पाहायला तिने एक दाणा नखाने दाबला. टरफल फुटलं आणि आतून पांढरा, वळलेला कोंब बाहेर आला. हुबेहूब किडा! आणि हेच बी महाराज परवा स्वतः येऊन घेऊन गेले होते. म्हणजे त्यांचा हिमालय इंदरचंदजींच्या दुकानातच होता!

तिने मूठभर बी पुडीत बांधलं, पोरीला खांद्यावर घेतलं आणि सासूच्या मागे बाजारात आली.

"सासूजी, तुमच्याही हिरड्या ठणकतात ना? आधी तुम्ही बसा. पोरीला धीर येईल."

झमकूबाई खूश झाल्या. पदर हनुवटीपर्यंत ओढून बसल्या. महाराजांनी पदराआड नळी सरकवली.

"माताजी, किती वर्षांचा त्रास?"

"दहा."

"दहा!" महाराजांनी डोळे गरगर फिरवले. "म्हणजे यांनी संसार थाटलाय आत! सुना-नातवंडांसकट बाहेर काढतो!"

मडकं उचललं. सहा किडे.

राजकुंवरने डोक्यावरचा घुंघट मागे सारला. भर बाजारात, आयुष्यात पहिल्यांदा.

"महाराज, कोणत्या दाढेतले हे?"

"डाव्या, खालच्या. मला इथून दिसते आहे."

"सासूजी, तोंड उघडा."

झमकूबाईंनी पदर वर करून तोंड उघडलं. नुसतं बोळकं!

"माय वो!" भाजीवाली तानुबाई किंचाळली. "म्हातारीना तोंडमा तं एक बी दात नही शे! मंग किडा कोठेन उनात?"

"हे हिरडीतले सूक्ष्म किडे..." महाराज सुरू झाले, पण राजकुंवर थांबली नाही. तिने उखर्डूला पळा पुन्हा तापवायला लावला, पुडीतलं बी तुपात घोळून टाकलं, मडकं पालथं घातलं.

"आता नळीला कोणीही तोंड लावायचं नाही."

मडकं उचललं. परातीत नऊ किडे.

"मडक्यालाही दाढ असते का, महाराज?" तिने भिजलेलं बी नखाने फोडून तळहातावर धरलं. "हा बघा तुमचा किडा. रिंगणीच्या बियातला कोंब. आचेने बी तडकतं, कोंब उडून पाण्यात पडतो. धुराने दाढ थोडा वेळ बधिर होते, तेवढाच गुण. आत पू साठतच राहतो, आणि तो साठलाय माझ्या पोरीच्या गालात!"

"शाप देईन!" महाराज उसळले. "पोरगी जन्माची मुकी होईल!"

राजकुंवरने पोरीला छातीशी घट्ट धरलं. किती झालं तरी आईच ती. पण झमकूबाई उठल्या. मडकं उचलून त्यांनी दगडावर आपटलं आणि मग सुनेकडे वळल्या.

"माझ्या नातीला शाप देतोस? दे! मी इथेच उभी आहे. बीनणी, तू धुळ्याची एस.टी. पकड."

धुळ्याच्या डॉक्टरांनी दाढ उपटली नाही. वरून हलकेच उघडून पू वाहून जाऊ दिला, औषध दिलं, तिसऱ्या दिवशी पोर दूधभात मागू लागली. सूज ओसरल्यावर बाकीचे तीन किडलेले दात त्यांनी चमच्यासारख्या इवल्या हत्याराने, सुई न टोचता खरवडले. एकाला चांदीचं औषध लावलं, दोन लवंगतेलाच्या वासाच्या लगद्याने भरले. "दुधाची दाढ खालच्या पक्क्या दाढेची जागा राखते," ते म्हणाले. "आणि पोर झोपताना तोंडात गुळाची पुरचुंडी देता ना? त्या गुळानेच दात किडले." पुरचुंडी देणाऱ्या झमकूबाईंनी त्या रात्रीपासून गुळाचा डबा फडताळात वर ठेवला.

चांदीच्या औषधाने पुढचा एक दात काळा पडला. गल्लीतल्या बायका हळहळल्या. "पोर जेवते, झोपते," राजकुंवरने ठणकावलं. "काळा तर काळा!"

परातीत 'किडे' होते, हे खरंच होतं. शेकडो लोकांनी ते पाहिले. ते दातातून पडताना मात्र एकानेही पाहिलं नाही, आणि तसं विचारायचंही कोणाला सुचलं नाही. उद्या तुमच्या गावात कोणी नळी घेऊन येईल. हात जोडायच्या आधी त्याला विचारा, किडा दातातून पडताना कोणी पाहिलाय का, आणि उत्तराची वाट न पाहता लेकराला डॉक्टरकडे न्या.