छाती बेचाळीस

"हा टाका म्हणायचा की मुंगळ्यांची रांग?" मास्तरांनी सुनेच्या हातातलं शिवण खिडकीच्या उजेडात धरलं.

"मुंगळेच म्हणा," सून म्हणाली. "मला कुठे येतंय? पण पोरगी चार दिवस शाळेत गेली नाहीये. आहे तो फ्रॉक रफू करायलाही धड जागा उरली नाही."

शिवण कसलं, मैद्याचं रिकामं सुती पोतं होतं ते. गावातले दोन्ही कारखाने बंद पडले, मुलगा कामाच्या शोधात परगावी गेला, आणि घर सुनेच्या बेकरीतल्या नोकरीवर येऊन टेकलं. मास्तरांनी चाळीस वर्षं फक्त कोट शिवले होते. एखाद्याच्या पाठीवर कोट सुरकुती न पडता बसला, की तो कोणी शिवला हे लोक विचारत नसत. आता दीड वर्ष कोणी कोट शिवायला टाकला नव्हता. सुनेने पहिल्यांदा बेकरीतून पोती आणली, तेव्हा मास्तर भरल्या ताटावरून उठले होते. "पोत्याला कात्री लावू? या हातांनी?" सून वाद घालत बसली नाही. तिने पोतं सोड्याच्या पाण्यात भिजत घातलं आणि स्वतःच सुई-दोरा काढला.

मास्तरांना अपमान एक वेळ गिळता येई, वाकडी शिवण नाही.

"आण इकडे," म्हणत त्यांनी सुनेचे सगळे टाके उसवले. "छकुली, इकडे ये. बगळ्यासारखी एका पायावर नको. दोन्ही टेक."

संध्याकाळपर्यंत नातीचा फ्रॉक तयार झाला. गोल कॉलर, फुग्याच्या बाह्या, आतल्या कडा कोटाच्या असतात तशा पट्टी लावून बंद केलेल्या. घेरावरची लाल अक्षरं मात्र तीनदा धुऊनही पुरती गेली नव्हती. 'उत्तम प्रतीचा' एवढं अजून वाचता येत होतं. मास्तर तिथे पट्टी लावायला निघाले, तर छकुलीने फ्रॉक ओढून घेतला.

"असू दे ना आजोबा. खरंच आहे ते."

ती शाळेत गेली आणि आठवडाभरात अख्खी गल्ली पोती घेऊन दारात आली. मास्तर प्रत्येकावर कुरकुर करत आणि प्रत्येकाचं शिवत. पोतं असलं म्हणून काय झालं, खांदा खांद्यावरच बसला पाहिजे, हे पालुपद तर गल्लीला पाठ झालं.

एका दुपारी मॅनेजरसाहेब आले. बंद कारखान्याचे मॅनेजर. मास्तरांनी त्यांचे बारा कोट शिवले होते, सगळे छाती बेचाळीसचे. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. बाकावर शेजारच्या दोघी आपल्या पाळीची वाट बघत बसल्या होत्या. त्यांना पाहून साहेब उंबऱ्यातच घुटमळले.

"आमच्या गड्यासाठी सदरा हवा होता," ते म्हणाले. "माझ्याच अंगाचा आहे तो."

साहेबांचा गडी वर्षापूर्वीच काम सोडून गेल्याचं गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

"मग तुमचंच माप घेतो, साहेब. हात जरा वर."

मास्तरांनी टेप फिरवला. कोटाखाली माणूस इतका आटला असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. टेप सदतीसवर येऊन मिळाला.

"लिही सूनबाई," मास्तर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "छाती बेचाळीस."

सुनेने टेपकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं, आणि लिहिलं.

"कॉलर कशी ठेवू, साहेब? टोकदार की गोल?"

"पोत्याला कसली कॉलर, मास्तर?"

"पोतं ते कापेपर्यंत. पुढे सदराच."

साहेबांनी पुडकं सोडून आतलं पोतं पुढे केलं. मग म्हणाले, "टोकदार."

चौथ्या दिवशी ते सदरा न्यायला आले, आतल्या खोलीत जाऊन घालून बघितला आणि तसेच अंगात ठेवून बाहेर आले. सदरा अंगावरच बेतल्यासारखा बसला होता. गड्याचं नाव कोणी काढलं नाही. त्यांनी मास्तरांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि ते पायऱ्या उतरले.

"मामंजी," सून म्हणाली, "लिहायला लावलंत बेचाळीस आणि बेतलात सदतीसवर."

"माप कापडाला सांगायचं असतं, सूनबाई. बाकावर बसलेल्यांना नाही."

ती हसली. मशीनवर वाकलेल्या सासऱ्यांच्या बाहीतून कोपर बाहेर आलेलं तिला दिसलं. गळ्याची कड विरली होती. तिने टेबलावरचा टेप उचलला.

"उठा. तुमचं माप घेते."

"माझं कशाला? मी घरातच असतो."

"पोतं भिजत घातलंय सकाळीच. उठा."

मास्तर उठले. आजवर स्वतःचे कपडे त्यांनी उरल्यासुरल्या तुकड्यांतून अंदाजानेच बेतले होते. सुनेने टेप त्यांच्या पाठीमागून घेतला, आणि हात नेमके कुठे ठेवायचे, हेच त्यांना कळेना.