मांडीचा पट्टा

सकाळपासून पिशवीवालीचं बूड खुर्चीला टेकेल तर शपथ! उठायची, खिडकीशी जायची, चामड्याचा तुकडा उजेडात धरून नाक मुरडायची आणि परत मशीनवर येऊन बसायची. गल्लीत तिला पिशवीवाली म्हणत, कारण चामड्याच्या पिशव्या शिवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण आज समोर पिशवी नव्हती. आज नवऱ्याच्या पायाचा पट्टा होता.

नवऱ्याचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हताच. बनवलेला पाय मांडीला पट्ट्याने आवळून तो घरोघर पाण्याचे मीटर वाचत हिंडायचा, आणि तेही असा भराभर की बरोबरच्या धडधाकट माणसाला धाप लागावी. मागच्या आठवड्यात एका इमारतीचा जिना उतरताना पट्ट्याची शिवण सुटली. पाय एकीकडे आणि मीटरवाला दुसरीकडे. हनुवटी फुटली, तेवढ्यावर निभावलं. पट्टा दुकानातला, सुती दोऱ्याने शिवलेला. घामाने दोरा आतल्या आत कुजला होता आणि कोणाला पत्ताही नव्हता. मग ऑफिसातून निरोप आला, आठवड्याभरात फेरीवर या, नाहीतर कायमचं बसून काम घ्या.

"बसून काय अंडी उबवू?" मीटरवाला म्हणाला होता.

नवरा खुर्चीत बसलेला पिशवीवालीला चालला असता. अगदी जन्मभर चालला असता. पण पट्टा मीच शिवणार, हे मात्र तिने ठणकावून सांगितलं होतं.

चांगल्या जाड चामड्याच्या दोनच पट्ट्या निघत होत्या. तिने कपाटातली सगळी दोऱ्याची रिळं काढून टेबलावर मांडली. सुती रिळाकडे तर बघवेना, ते तिने कोपऱ्यात भिरकावलं. मग हातात आला तो सगळ्यात जाड नायलॉनचा दोरा.

"अगं, याने मला बांधणार की हत्तीला?" स्टुलावर बसलेल्या मीटरवाल्याने विचारलं.

"तुम्ही गप्प बसा हो जरा."

जाड दोऱ्याला जाड सुई लागते आणि जाड सुई चामड्याला मोठं भोक पाडते. हे तिला झोपेतही ठाऊक होतं. तरी तिने तोच दोरा ओवला. तुकड्यावर शिवून बघितलं तर वर टाका झकास आणि खाली नुसती सैल वेटोळी. म्हणजे वरच्या दोऱ्याला ताण कमी. तिने ताणाचा स्क्रू फिरवला आणि दोरा हाताने ओढून बघितला. सैलच! आणखी फिरवला, तरी सैलच. "मेल्या, काय झालंय तुला आज?" असं मशीनला खडसावत तिने स्क्रू पार आवळून टाकला. पुन्हा तुकड्यावर बघायचं सोडून सरळ दुमडलेली पट्टी सुईखाली सरकवली, चामडं दाबून धरणारी दाबपट्टी खाली पाडली आणि मशीन सोडलं.

कर्रर्र झालं. दोरा चामड्यात रुतत गेला, खालचा दोरा वर ओढला गेला आणि पट्टीची कड चुण्या पडून वळली.

तिने हात थांबवला आणि कपाळावर मारून घेतला. दाबपट्टी वर असताना दोरा आवळून धरणाऱ्या ताणाच्या चकत्या उघड्याच असतात, तेव्हा दोरा कितीही ओढून बघा, सैलच लागणार! शिकाऊ पोरीला पहिल्या दिवशी सांगतात ती गोष्ट. इतकी वर्षं शिवणाऱ्या बाईने ही चूक करावी? तिला स्वतःचीच लाज वाटली.

"एक गेली," ती म्हणाली.

"एक आहे ना अजून? झालं तर मग."

दुसऱ्या पट्टीला मात्र ती भानावर आली. मध्यम जाडीचा पॉलिस्टर दोरा घेतला, घामाला न कुजणारा. सुई त्याच्या बेताची लावली. टाका लांब ठेवला, कारण भोकं जवळजवळ पडली तर चामडं तिथेच फाटतं. दाबपट्टी खाली ठेवून ताण लावला, तशाच दोन थरांच्या तुकड्यावर शिवलं, कड तिरकी कापून आत बघितलं. दोन्ही दोऱ्यांची गाठ बरोबर थरांच्या मधोमध बसली होती. मग श्वास रोखून तिने पट्टा शिवला. वरून बघा, खालून बघा, टाका सारखा. असा टाका तिनेही क्वचितच घातला असेल.

मीटरवाल्याने हात पुढे केला. "आण इकडे."

"थांबा. टोकाला मला बरोबर वाटत नाहीये." तिने टाके कापायची सुरी उचलली. "उसवते आणि पुन्हा घालते."

त्याने लंगडी घालत येऊन तिचं मनगट धरलं.

"उसवलंस तर भोकं राहणार. त्यांच्याच शेजारी नवी पाडणार. मग हे किती टिकेल? तूच सांग, मी काय सांगू?"

"मला नाही आवडला टाका!"

"टाका चांगला आहे. तुला मी जायला नकोय."

"हो, नकोय!" ती ओरडलीच. "नकोय मला! फोन वाजला की मला वाटतं, तुम्ही पडलात. तुम्हाला काय, तुम्ही पडून मोकळे होता!"

बोलून झाल्यावर तिला रडू फुटलं. त्याने सुरी तिच्या हातातून काढून घेतली, पाय लावला, पट्टा आवळला आणि दार उघडून जिन्याशी गेला.

आणि तिथेच थांबला.

बराच वेळ झाला तरी पावलाचा आवाज येईना, तशी ती डोळे पुसत बाहेर आली. मीटरवाला पहिल्या पायरीच्या कडेला उभा होता. कठडा त्याने दोन्ही हातांनी असा धरला होता की बोटं पांढरी पडली होती. मानेवरून घाम निथळत होता.

"अगं," तो तिच्याकडे न बघता हळूच म्हणाला, "तू म्हणत असशील तर घेतो मी ते बसून काम. तुझ्यासाठी म्हणून."

आठवडाभर तिला हेच ऐकायचं होतं. आता नुसतं 'हो' म्हटलं की झालं. उद्यापासून फोनची धास्ती नाही, जिन्यांची नाही. तिने तोंड उघडलंसुद्धा. पण ती पांढरी पडलेली बोटं बघून पुन्हा मिटलं. घाबरला होता तो, पण तिच्या नावावर बसला असता आणि पुन्हा उठलाच नसता.

"काही बसायचं नाही," ती म्हणाली. "मी शिवलाय तो पट्टा. चला, उतरा."

ती त्याच्या पुढे होऊन एक पायरी खाली उतरली आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली.

"बाजूला हो. पडलो तर तुझ्यावर पडेन."

"मग पडू नका."

मागे कठड्यावरून एक हात सुटला. थोड्या वेळाने दुसरा सुटला. चामडं कुरकुरलं. पिशवीवालीने डोळे गच्च मिटले आणि त्याला जागा करून द्यायला पुढची पायरी उतरली.