पहिलं घावन

नवऱ्याचं, चांगोचं, सुतक फिटलं तशी कडाव गावातल्या शेजारणींनी सोनुबाईचं घर सारवून दिलं, सगळी भांडी राखेनं घासली. त्यात घावनांचा बिडाचा तवाही पार पांढरा करून ठेवला.

"भवान्यांनो, त्याला हात कुनी लावाया सांगितला व्हता?" ती कडाडली. पण बायका केव्हाच आपापल्या घरी गेल्या होत्या.

तिनं अंगणातली चूल पेटवली. नारळाची शेंडी तेलात बुडवून तापल्या तव्यावर चोळली, धूर निघू दिला, तवा पुसला, पुन्हा चोळला. उन्हं कलली तेव्हा कुठं तवा काळा झाला.

मग तिनं पीठ ओतलं. पहिलं घावन चिकटलं. ते नेहमीच चिकटायचं, तव्यावरचं तेल नि काजळी पिऊन घ्यायचं. ते खरवडून ती चांगोच्या ताटात टाकायची, आणि तो निमूट खायचा. "त्यांना तेच आवडतं," असं ती गावभर सांगायची.

आजही सवयीनं तिनं त्याचंच ताट ओढलं. वाढून झाल्यावर हात थांबला. टाकवेना, म्हणून तिनंच एक घास तोंडात घातला.

कडूजार लागला.

"तोंड नव्हतं काय तुमाला?" ती रिकाम्या पाटावर खेकसली. "येकदा तरी बोलायचं व्हतं!"