डब्यावरचं बाळ

तान्ह्यांच्या दुधाच्या डब्यावर बाळाचं चित्र नको, असा नियम आहे. दुकानदार कुरकुरला, पण मी तपासनीस, उरावर बसून चित्रांचे सगळे डबे हटवले. फळीवर बिनचित्राचे आले.

आज पुन्हा तपासायला गेले, तर एक आजी चहात घालायच्या दुधाच्या पावडरीचा डबा पिशवीत टाकत होत्या.

"नातवाला," त्या म्हणाल्या. "सुनेला दूधच येत नाही. हा दुसरा डबा, तरी पोर बाळसं धरेना."

"अहो आजी, ही चहात घालायची पावडर आहे, बाळाचं दूध नव्हे!"

"वेडी समजता का मला? वाचता येत नाही, पण दिसतं तर! अख्ख्या फळीवर बाळ याच डब्यावर आहे."

खरंच होतं. गुटगुटीत, हसरं. चहात घालायच्या पावडरीला माझा नियम लागू नव्हता.