घरपट्टीवरचं नाव

"विधवा कोण यांच्यातली? पुढं या," वडगावच्या रजिस्ट्रार कचेरीतला कारकून मान वर न करताच म्हणाला.

बाकावर दोनच बायका होत्या, बयाबाई आणि तिची धाकटी जाऊ कस्तुराबाई. दोघींच्या कपाळाला ठसठशीत कुंकू, दोघींच्या हातांत हिरव्या बांगड्या. बयाबाईनं तर चांगला दिवस म्हणून आदल्या दिवशीच लोणावळ्याच्या कासाराकडून हातभर नव्या भरून घेतल्या होत्या. रात्रभर तिला झोप कसली ती नव्हती. आज घराचं खरेदीखत व्हायचं होतं, आणि घर विकलं की गिरणी येणार होती.

गिरणीनं तिला पार वेडं केलं होतं. नवरा लामावर, म्हणजे लढाईवर, गेल्यापासून ती लोणावळ्यातल्या बंगल्यांची दळणं जात्यावर दळून पोट भरायची. तळहाताचं नुसतं खापर झालं होतं. अशात तळेगावला तिनं इंजिनाची पिठाची गिरणी पाहिली. वरून दाणे ओतले की खालून पीठ, आणि तेही हाताला गरम लागणारं. तेव्हापासून उठता-बसता गिरणी. शेजारणी चिडवायच्या, "बयाबाय, सपनात बी दळतीस जनू." ती म्हणायची, "व्हय, पर सपनात हात न्हाई दुखत." मुंबईच्या एका शेटला बंगल्यासाठी तिच्याच घराची जागा हवी होती. तो देईल त्यात इंजिन येत होतं, बाजारात गाळाही येत होता. मग आणखी काय पाहिजे?

अडचण एकच. घर नवऱ्याच्या नावावर, भावाभावांच्या वाटणीत त्याच्या वाट्याला आलेलं. आणि नवरा खेचरांच्या पलटणीबरोबर बसऱ्याच्या लढाईला गेला तो दहा वर्षं झाली तरी परतला नव्हता. पत्र नाही, तार नाही. मेला म्हणावं तर कुणी पाहिलेला नाही. पण घरपट्टी बयाबाईनं कधी थकू दिली नाही. नगरपालिकेतला कारकून पावती फाडताना मोठ्यानं वाचायचा, "नथू रखमाजी शिंदे." बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. पण ऐकायला कुणाची बंदी? ती म्हणायची, "भाऊ, आणिक येकदा वाचा की. चूक नगं राह्याला." बिचारा पुन्हा वाचायचा, आणि ती कान देऊन ऐकायची.

"वैनी," दीर महिपती आता तिच्या कानाशी येऊन म्हणाला, "वकीलसाहेबांनी कागदात विधवा म्हनून ल्ह्यायला सांगितलंय. आजच्यापुरत्या बांगड्या काढा. घरी गेलं की परत भरा. कोन बघतंय?"

त्याला हे आठ दिवस ठाऊक होतं. घाईगर्दीत सांगायचं राहून गेलं, असं तो पुढं सांगत फिरायचा. राहून गेलं म्हणे!

वकील समजुतीनं म्हणाले, "बाई, मालक हयात धरला तर विकायला त्यानंच यायला हवं. सात वर्षं ज्याची खबर नाही, त्याला कायदा मेलेला धरतो. मग वारस तुम्ही आणि अंगठाही तुमचाच. पण साहेबांपुढं अशा जाऊ नका. ते कागद परत करतील."

बयाबाईला दिराचा राग आला, कायद्याचा आला, सगळ्यांत जास्त त्या न परतणाऱ्या माणसाचा आला. "कायद्यानं सात वरसांत मारला," ती म्हणाली, "म्या धा वरसं जगीवला." पण ती गिरणी, ती काही केल्या डोळ्यांपुढून हलेना, हेही तितकंच खरं.

ती भिंतीकडं तोंड करून बसली. कस्तुराबाईनं रीतीप्रमाणं बांगड्या फोडायला तिचा हात बाकाच्या कडेकडं ओढला, तशी ती म्हणाली, "फोडायच्या न्हाईत. काढायच्यात." नव्या बांगड्या घट्ट होत्या, हात सोलवटला. तरी तिनं एकेक करून सगळ्या सगळ्या उतरवल्या, पदरात बांधल्या, कुंकू आपल्याच हातानं पुसलं आणि अंगठा दिला.

परत कसल्या भरतेय? बातमी तिच्याआधी लोणावळ्यात पोचली होती. संध्याकाळी बाया गळा काढत दारात आल्या. त्याआधीच तिनं पदरातल्या बांगड्या एका पत्र्याच्या डब्यात घालून झाकण लावलं होतं.

पण पुण्याहून बैलगाडीत इंजिन आलं आणि बयाबाई पुन्हा पहिल्यासारखी झाली. अख्खा बाजार गोळा झाला होता. ती याला सरकवत होती, त्याला दम भरत होती, इंजिनाला तेल घालणाऱ्याला दहादा विचारत होती, "सुरू हुईल न्हवं?" पूजेचं ताट आलं. त्या आनंदाच्या भरात तिनं बोट कुंकवात बुडवलं आणि इंजिनाकडं निघाली.

जमलेल्या बाया तिच्या कुंकवाच्या बोटाकडं बघायला लागल्या. कस्तुराबाई हळूच पुढं आली. "द्या आक्का. म्या लावते."

बयाबाईनं ताट दिलं. बोट पदराला पुसलं. "लाव. पर भरून लाव, हात आखडू नगंस."

इंजिन एकदा खोकलं, दोनदा खोकलं आणि धडधडायला लागलं. पोरं नाचली. बयाबाईनं पहिल्या पिठात दोन्ही हात कोपरापर्यंत घातले. गरम होतं, अगदी तळेगावसारखं. ती खदखदून हसली.

तेवढ्यात वरच्या फळीवरचा पत्र्याचा डबा किणकिणायला लागला.

"आक्का, काय वाजतंय त्यात?" कस्तुराबाई म्हणाली. "खाली ठिवू का?"

"खिळं हायेत," बयाबाई म्हणाली. "ऱ्हाऊ दे तितंच."

आणि तिनं पुढचं पायलीभर धान्य वर ओतलं.