नाहीशी होणारी अंडी

शिरवण्यातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात संघप्रिया लॅब सांभाळायची. तिसरीतल्या अक्षताच्या रिपोर्टवर तिने तीनदा 'जंत नाहीत' लिहून सही केली होती. तरी पोरीचं हिमोग्लोबिन सातच्या वर सरकायला तयार नव्हतं. वर्गात बाकावर डोकं टेकून पडायची, म्हणून शाळेतल्या बाईंनी तिला आळशी ठरवून टाकलं होतं.

"ताई, लेकराला दोन जिने चढवंनात," तिची आजी चांगुणाबाई चौथ्यांदा शीच्या नमुन्याची डबी देताना म्हणाली. "गावाकडं रानात अनवाणी हिंडायची, हितंबी चप्पल पायात टिकंना. चार महिने लोहाच्या गोळ्या खातीय, पण रगत काय वाढंना बघा."

एरवी संघप्रिया सकाळी सगळ्या काचपट्ट्या करून ठेवायची आणि रक्ताचं काम उरकून दुपारी त्या बघायची. त्या दिवशी रक्त तपासायचं मशीनच बंद पडलं. हात रिकामे होते, म्हणून पट्टी केल्यावर पंधराव्या मिनिटालाच तिने मायक्रोस्कोपला डोळा लावला.

अंडी! लांबट, पातळ कवचाची. हुकवर्म. अनवाणी पायांतून अंगात शिरणारा, आतड्याला चिकटून रक्त पिणारा जंत.

ती धावत डॉक्टर वैजयंतींकडे गेली. ओपीडीला रांग होती. मॅडम दीड तासाने आल्या. पट्टीवर काहीच नव्हतं. संघप्रियाने कोपरा न् कोपरा पालथा घातला. एकही अंडं नाही.

"बुडबुडे दिसले असतील गं," मॅडम म्हणाल्या. "टेन्शन नको घेऊस."

संघप्रियाने जेवणाचा डबा उघडला नाही. ट्रेनिंगची जुनी वही काढून बसली आणि तिथे ते सापडलं. पट्टीवरचं ग्लिसरीन शी पारदर्शक करतं, पण हुकवर्मची अंडीही त्यात विरून जातात. अर्ध्या तासात बघा, असं तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. म्हणजे दोन वर्षांत दुपारी बघितलेल्या सगळ्याच पट्ट्या... गप्प राहिली असती तर कुणाला कळणारही नव्हतं.

ती उठली आणि केबिनमध्ये गेली. "मॅडम, बुडबुडे नव्हते. माझे आधीचे रिपोर्ट चुकलेत. उद्या सकाळी फक्त अर्धा तास द्या मला."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "बरं. दाखव."

दुसऱ्या दिवशी चांगुणाबाई नऊलाच ताजी डबी घेऊन हजर. मॅडमनी ओपीडी थांबवली. विसाव्या मिनिटाला त्या डोळा लावून मोठ्याने मोजायला लागल्या, त्या चाळिसाला थांबल्या. तासाभराने तीच पट्टी पुन्हा बघितली, तर जेमतेम दोन.

"अगं बाई!" मॅडमनी संघप्रियाची पाठ थोपटली. "पकडलंस की गं!"

अक्षताला तीन दिवस जंताच्या गोळ्या दिल्या, लोह चालू ठेवलं. मग संघप्रिया मायक्रोस्कोप घेऊन शाळेतच गेली. शिक्षकांच्या खोलीत टेबल मांडून तिने पट्टी केली की लगेच बघायचा सपाटा लावला. अडतीस मुलांपैकी चौदा जणांत अंडी निघाली. 'आळशी' म्हणणाऱ्या बाई गोऱ्यामोऱ्या होऊन चौदा नावं स्वतः लिहीत होत्या. त्यांनीच पालकांना बोलावून चपला आणि हात धुण्याचं समजावलं. चौदाही जणांना गोळ्या देऊन पुन्हा तपासलं तेव्हा एकच मुलगा उरला होता. त्यालाही परत गोळ्या दिल्या.

अडीच महिन्यांनी अक्षताचं हिमोग्लोबिन साडेअकरा आलं. संघप्रियाने आकडा दोनदा तपासला आणि खुर्चीतच टाळी वाजवली.

"आता चार भाकरी लागत्यात हिला," चांगुणाबाई तक्रार केल्यासारखं म्हणाली, पण तोंडभर हसत होती.

"मावशी, मला बघू दे ना, माझ्या पोटात काय होतं ते," अक्षता हटून बसली.

संघप्रियाने शिकवण्यासाठी ठेवलेला जंत लेन्सखाली धरला. अक्षताने डोळा लावला आणि किंचाळली, "ईऽऽ! हे माझं रक्त प्यायचं?"

"हो. आता सगळे मेले."

पोरगी दार ढकलून बाहेर पळाली आणि रांगेतल्या प्रत्येकाला ओरडून सांगत सुटली, "माझे मेले! माझे सगळे मेले!"