गुड ग्रेव्हीचा ठराव

आमच्या मडी फोर्क चर्चच्या सभेत जे घडलं ते सगळं इतिवृत्तात आहे, आणि इतिवृत्त मीच लिहिते. त्यामुळे हे खरं आहे. निदान सुवाच्य तरी आहे.

आरोपी माझी आत्या, व्हर्डेल. वय एक्क्याऐंशी. गुन्हा, 'गुड ग्रेव्ही' म्हणणे.

टेनेसीच्या आमच्या डोंगरात देवाचं नाव उगाच तोंडात येऊ नये म्हणून लोक ऐन वेळी जीभ भलतीकडे वळवतात. कुणी स्वतःच्या बुटांवर नेतं, कुणी शेजाऱ्याच्या कुत्र्यावर. आत्या 'गुड गॉड' म्हणता म्हणता ग्रेव्हीवर, म्हणजे रश्श्यावर नेते. बिस्किटं करपली, गुड ग्रेव्ही. गाईला जुळं झालं, गुड ग्रेव्ही. वादळाने कोंबड्यांचं खुराडं उचलून ओढ्यापलीकडे ठेवलं आणि कोंबड्यांनी तिथे अंडी घातली, तेव्हा दोनदा.

नवे पाद्री ब्रदर टीग वसंतात आले. वय एकतीस. पहिल्याच महिन्यात त्यांनी सांगितलं, जीभ कुठेही वळवा, ती निघाली होती देवाकडेच, म्हणजे देवाचं नाव व्यर्थ न घेण्याची आज्ञा मोडलीच. "ते शब्द मी उच्चारणार नाही," ते म्हणाले. "तुम्हाला ठाऊक आहेत." सोमवारी दिवसभर गावातले फोन वाजत होते. कुठले शब्द, कुठले शब्द.

जूनमध्ये चर्चच्या अंगणात वर्षाचं जेवण होतं. ब्रदर टीग यांची प्रार्थना चौदाव्या मिनिटात होती. सगळ्यांचे डोळे मिटलेले. तेवढ्यात टेबलाचा एक पाय मऊ मातीत रुतला आणि डुकराच्या मांडीचा अख्खा हॅम ताटातून निघाला. उतारावरून गडगडत स्मशानात गेला आणि नेमका आत्याच्या नवऱ्याच्या, ऑर्बिन काकांच्या थडग्याच्या दगडाला जाऊन टेकला. काकांना हॅम आवडायचा, पण इतकाही नाही.

आत्याचे डोळे उघडे होते. ती मोठ्याने म्हणाली. कुणाला शंकाच राहिली नाही.

माफी मागायला सांगितलं, तिने मागितली नाही. म्हणून बुधवारची सभा, विषय एकच, व्हर्डेलचं नाव सभासदांच्या रजिस्टरातून काढणे. रजिस्टरात नाव नसेल तर आमच्या स्मशानात जागा मिळत नाही. आणि काकांच्या दगडावर त्यांच्या शेजारी आत्याचं नाव आणि जन्मसाल नऊ वर्षांपूर्वीच कोरलंय. पुढचा आकडा तेवढा रिकामा आहे.

"ठराव असा," ब्रदर टीग म्हणाले, "की सिस्टर व्हर्डेल यांनी प्रार्थना चालू असताना ते शब्द उच्चारले, सबब..."

"कुठले?" मी पेन थांबवलं.

"ते."

"नुसतं 'ते' लिहिलं तर पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला वाटेल आत्याने काय भयंकर शिवी दिली."

"रोनेट, तुला माहीत आहेत ते शब्द."

"मला आहेत हो. इतिवृत्ताला नाहीत."

ब्रदर टीग यांनी डोळे मिटले आणि ते शब्द पुटपुटले.

"मोठ्याने," मी म्हटलं. "हॉइट काकांना ऐकू येत नाही."

"गुड ग्रेव्ही!" पाद्री ओरडले. बरं जमलं, पण सराव नव्हता. मी नोंद केली, 'ठराव मांडणाऱ्याने सदर शब्द दोनदा उच्चारले.'

आता अनुमोदन. आमच्याकडे अनुमोदन हॉइट काका देतात. चाळीस वर्षं त्यांनी प्रत्येक ठरावाला दिलंय. नवं छप्पर, जुना ऑर्गन, एकदा झोपेत स्वतःच्याच राजीनाम्यालाही. सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. हॉइट काका आपल्या टोपीच्या आत बघत बसले. तिथे काही लिहिलेलं नव्हतं, मी नंतर पाहिलं.

अनुमोदन नाही म्हणजे ठराव मेला. लोक पर्सा उचलायला लागले, तेवढ्यात आत्या उठली.

"मी देते अनुमोदन."

"तुम्ही?"

"अजून सभासद आहे ना? हा असाच मेला, तर उद्यापासून तू माझ्याकडे माफ केल्यासारखा बघशील, बाळा. मला ते नको. मत घे."

"सिस्टर, दोन शब्द तर सोडायचे आहेत..."

"ऑर्बिन गेला तेव्हा डॉक्टर बाहेर आला आणि माझ्या तोंडून हेच दोन शब्द निघाले. खरं तर दुसरंच निघणार होतं. ते थेट देवालाच होतं, आणि एकदा निघालं असतं तर मी परत या दारात आले नसते. या दोन शब्दांनी मला इथे ठेवलंय, तुझ्या प्रवचनांनी नव्हे. तुला पडसं झालेलं असतानाची तीन प्रवचनं मी ऐकली, तरी ठेवलंय. माफी नाही मागणार. आणि हात वर करू नका, हात टोपीमागे लपतो. ज्याला मी शेजारी पुरलेली नको, त्याने उभं राहायचं आणि माझ्याकडे बघायचं."

चौघं उभे होते. पैकी डेल्मर पाठीच्या दुखण्याने एप्रिलपासून बसतच नाही, त्याला वगळलं. ब्रदर टीग यांच्या बायको अर्धवट उठल्या, पण आत्याला परत द्यायची तिची रिकामी थाळी मांडीवरून घसरायला लागली, म्हणून बसल्या. राहिले दोघं, ब्रदर टीग आणि ज्याचा हॅम होता तो. बसलेले एकतीस.

ब्रदर टीग यांनी माझ्या वहीत स्वतः मोजणी तपासली. मग म्हणाले, "तुमचं नाव राहिलं, सिस्टर. काही बोलायचंय?"

एकतीस माणसं पुढे वाकली. डेल्मरही वाकला, पाठ असूनही.

"नाही," आत्या म्हणाली. "तुझ्या परवानगीने म्हणायची ती गोष्ट नाही." आणि पर्स उचलून बाहेर पडली.

मी वही घेऊन मागे धावले, अनुमोदकाची सही राहिली होती. ती स्मशानात काकांच्या दगडापाशी उभी होती. दगडावर हॅमची चरबी अजून तशीच होती, आणि मुंग्यांची एक रांग काकांच्या नावावरून निघून, तिच्या जन्मसालावरून, पुढच्या रिकाम्या जागेत जाऊन ठाण मांडून बसली होती.

आत्याने रुमालाने त्या एकेक झटकल्या. "बघितलंस, ऑर्बिन? माझ्या जागेत," ती म्हणाली. "गुड ग्रेव्ही."

सभा संपली होती. तरी मी लिहून घेतलं.